टायटॅनोसॉरस इंडिकस: शेपटीच्या दोन मणक्यांवरून नाव मिळालेला भारताचा पहिला डायनोसॉर

डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली एक बातमी फोनाफोनी फिरली. पाडल्या गावातले शेतकरी शेतात सापडलेल्या गोल दगडांची 'काकड भैरव' म्हणून पूजा करत होते. शेताचं आणि गुराढोरांचं रक्षण करणारा हा देव. तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा कळलं की हे दगड म्हणजे डायनोसॉरची अश्मीभूत अंडी आहेत.

अशी बातमी शेअर होताना खाली हमखास एक नाव येतं: टायटॅनोसॉरस. सोबत लांब मानेच्या, खांबासारख्या पायांच्या एका अवाढव्य प्राण्याचं रंगीत चित्र असतं. लांबी इतके मीटर, वजन इतके टन, खाणं झाडपाला, अशी माहितीही असते.

गंमत अशी, की टायटॅनोसॉरस या नावाचा मूळ आधार काय आहे हे पाहायला गेलं तर हाती लागतात शेपटीचे दोन मणके. ना कवटी, ना मान. ज्या लांब मानेसाठी हा प्राणी चित्रात ओळखला जातो, त्या मानेचं एकही हाड या नावाच्या मूळ पुराव्यात नाही. आणि गेल्या वीसेक वर्षांत तर हे नाव वापरावं की नाही, याबद्दलच शास्त्रज्ञांना शंका आहे.

तरीही भारतातल्या डायनोसॉर संशोधनाची सुरुवात इथूनच होते. त्यामुळे ही गोष्ट पहिल्यापासून पाहायला हवी.

ठगांचा कर्दनकाळ आणि जबलपूरची टेकडी

विल्यम हेन्री स्लीमन हे नाव इतिहासाची आवड असलेल्यांना ओळखीचं असेल. ठगांच्या टोळ्यांविरुद्ध मोहीम चालवणारे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी ते हेच. मध्य प्रदेशात स्लीमनाबाद नावाचं गाव आजही आहे.

१८२८ साली स्लीमन बंगाल आर्मीत कॅप्टन होते आणि त्यांचा मुक्काम जबलपूरला होता. तिथल्या बडा सिमला टेकडीवर त्यांना काही दगडी हाडं सापडली. त्यातले दोन मणके त्यांनी स्पिल्सबरी नावाच्या सर्जनला दिले. तिथून हाडांची माहिती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोहोचली. हेच प्रिन्सेप पुढे ब्राह्मी लिपी वाचण्यासाठी आणि सम्राट अशोकाचे शिलालेख उलगडण्यासाठी प्रसिद्ध झाले. म्हणजे भारतातल्या पहिल्या डायनोसॉरची हाडं ठगांचा माग काढणाऱ्या माणसाला सापडली आणि ब्राह्मीचा माग काढणाऱ्या माणसापर्यंत गेली.

त्या वेळी यातल्या कुणालाही ती हाडं डायनोसॉरची आहेत हे कळणं शक्य नव्हतं. कारण 'डायनोसॉर' हा शब्दच अस्तित्वात नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो इंग्लंडमध्ये १८४२ साली तयार केला, म्हणजे जबलपूरच्या शोधानंतर १४ वर्षांनी. जगातल्या पहिल्या शास्त्रीय नाव मिळालेल्या डायनोसॉरचं, मेगॅलोसॉरसचं, वर्णन १८२४ साली झालं होतं. त्यानंतर चारच वर्षांत जबलपूरला हाडं मिळाली. डायनोसॉरच्या हाडांच्या जगातल्या सुरुवातीच्या शोधांमध्ये भारताचा नंबर लागतो, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं.

'भारतीय टायटन सरडा'

पुढची काही दशकं ही हाडं तशीच राहिली. १८५१ साली जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८६२ मध्ये जबलपूरचे मणके कलकत्त्याला मागवून घेतले. मग सर्व्हेमध्ये रुजू झालेले तरुण जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लायडेकर यांच्या हाती ते लागले आणि १८७७ मध्ये त्यांनी या प्राण्याला नाव दिलं: टायटॅनोसॉरस इंडिकस. टायटन म्हणजे ग्रीक पुराणकथांमधले महाकाय देव, सॉरस म्हणजे सरडा. म्हणून हा भारतीय महाकाय सरडा.

जबलपूरच्या परिसरात मिळालेलं मांडीचं एक मोठं हाडही लायडेकर यांनी याच नावाखाली घातलं. पण ते त्याच प्राण्याचं किंवा त्याच जातीचं आहे हे सिद्ध करण्याचा मार्ग तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. एकाच टेकडीवर सापडलं, मोठं आहे, म्हणून एकाच नावावर टाकलं, असा तो मामला होता. त्या काळात हे सर्रास चालायचं.

दोनच वर्षांनी, १८७९ मध्ये, लायडेकर यांनी दुसरी जात जाहीर केली: टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी. तिची हाडं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा गावची. हाडं कुठली? पुन्हा शेपटीचे मणके. जबलपूरचे मणके दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखे होते, पिसदुऱ्याचे जास्त गोलसर होते, एवढ्या फरकावर दोन जाती झाल्या.

दोन मणक्यांत असं काय होतं?

लायडेकर यांनी उगाच नाव दिलं नव्हतं. मणक्यात एक खास गोष्ट होती. बहुतेक लांब मानेच्या डायनोसॉरमध्ये शेपटीच्या मधल्या भागातल्या मणक्यांच्या दोन्ही बाजू साधारण सपाट किंवा किंचित खोलगट असतात. जबलपूरच्या मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोल होती आणि मागची बाजू चेंडूसारखी फुगीर. एका मणक्याचा चेंडू मागच्या मणक्याच्या वाटीत बसायचा. उखळी सांध्यासारखी ही रचना शेपटीला लवचीकपणा आणि मजबुती दोन्ही देत असावी. आजच्या मगरींच्या मणक्यांतही वाटी-चेंडूची अशीच जोडणी असते.

१८७७ मध्ये लांब मानेच्या डायनोसॉरमध्ये असा मणका फारसा माहीत नव्हता. त्यामुळे हा प्राणी वेगळा, हा निष्कर्ष त्या वेळच्या माहितीप्रमाणे बरोबरच होता.

अडचण नंतर सुरू झाली. असे मणके जगभर सापडू लागले.

एका नावाचा मोठा गोतावळा

अर्जेंटिनात वाटी-चेंडूचा मणका मिळाला, नाव पडलं टायटॅनोसॉरस. मादागास्करमध्ये मिळाला, टायटॅनोसॉरस. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर, रोमानियात, अगदी लाओसमध्येसुद्धा तेच. लायडेकर यांनी स्वतः १८९३ मध्ये अर्जेंटिनातल्या हाडांना टायटॅनोसॉरस ऑस्ट्रॅलिस म्हटलं. बघता बघता जबलपूरच्या दोन मणक्यांच्या नावाखाली एकूण १४ जाती जमल्या.

याचा एक फायदा झाला. भारत, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिका इथे सारखेच प्राणी कसे, हा प्रश्न पुढे आला. हे भूभाग एके काळी गोंडवन या महाखंडाचे भाग होते, या विचाराला अशा प्राण्यांमुळे बळ मिळालं. गोंडवन हे नावही मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच आलेलं आहे.

तोटा असा, की टायटॅनोसॉरस ही एक अडगळीची खोली झाली. मणक्यात वाटी आणि चेंडू दिसला की टाका तिथे. पुढे चांगले सांगाडे सापडत गेले तसतशी यातली अनेक नावं वेगळी काढावी लागली. अर्जेंटिनाचा प्राणी न्यूक्वेनसॉरस झाला. रोमानियाचा मॅग्यारोसॉरस झाला, आणि तो तर बेटावर राहून आकाराने लहान झालेला प्राणी निघाला. २००१ मध्ये मादागास्करमधून कवटीसह जवळजवळ पूर्ण सांगाडा असलेला रॅपेटोसॉरस पुढे आला, तेव्हा या गटाचा चेहरा कसा होता हे प्रथमच नीट कळलं.

२००३: नावच संशयाच्या यादीत

२००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या शास्त्रज्ञांनी या १४ जातींची एकेक करून छाननी केली. त्यातल्या पाचच वेगळ्या ओळखता येण्यासारख्या निघाल्या. आणि त्या पाचांत मूळचा टायटॅनोसॉरस इंडिकस नव्हता.

कारण साधं आहे. समजा, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या गावात एकाच घरी ट्रॅक्टर होता. 'ट्रॅक्टरवाले पाटील' म्हटलं की सगळ्यांना घर कळायचं. आज गावात तीस ट्रॅक्टर आहेत. पाटील खोटे ठरलेले नाहीत, त्यांचा ट्रॅक्टरही खरा आहे. पण त्या खुणेवरून आता कुणाचं घर सापडणार नाही. वाटी-चेंडूच्या मणक्याचं तेच झालं. १८७७ मध्ये ती एका प्राण्याची ओळख होती. आता ती डझनावारी प्राण्यांची, एका मोठ्या गटाची ओळख आहे. जबलपूरच्या मणक्यात त्याखेरीज दुसरी वेगळी खूण नाही, म्हणून ते मणके नेमके कुणाचे हे सांगता येत नाही.

अशा नावाला प्राणिशास्त्रात 'नोमेन ड्युबियम' म्हणतात, म्हणजे संदिग्ध नाव. 'टायटॅनोसॉरस कधी नव्हताच' असे मथळे यावरून दिले जातात, ते चूक आहे. प्राणी होता. त्याची हाडं खरी आहेत. संदिग्ध आहे ते फक्त नाव, कारण उद्या तसाच दुसरा सांगाडा सापडला तर तो 'हाच' असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

यातून एक विचित्र स्थिती तयार झाली. या एका नावावरून 'टायटॅनोसॉर' हे मोठ्या गटाचं नाव पडलं आहे. अंटार्क्टिकासह सगळ्या खंडांवर या गटाचे जीवाश्म मिळाले आहेत. पृथ्वीवर चाललेल्या सर्वांत अवजड प्राण्यांपैकी अर्जेंटिनोसॉरस आणि पॅटागोटायटन याच गटातले. गटाचं नाव पक्कं आहे, ते सगळे वापरतात. पण ज्याच्यावरून ते पडलं, त्या मूळ पुरुषाचाच पत्ता संदिग्ध.

म्हणूनच 'टायटॅनोसॉर' आणि 'टायटॅनोसॉरस' यांतला फरक महत्त्वाचा. पहिला शब्द गटाचा आहे, जसं 'मांजरकुळातला प्राणी'. दुसरा एका विशिष्ट प्राण्याचा, जसं 'बिबट्या'. धारच्या अंड्यांना टायटॅनोसॉरची अंडी म्हणणं बरोबर आहे. टायटॅनोसॉरसची म्हणणं म्हणजे पावलाचा ठसा पुसट असताना थेट जनावराचं नाव सांगून टाकण्यासारखं आहे.

मणके हरवले, मग सापडले

नावावर वाद चालू असताना आणखी एक पंचाईत होती. मूळ मणकेच जागेवर नव्हते. जुन्या संग्रहातून ते कधी गहाळ झाले, कुणालाच कळलं नाही. लायडेकर यांनी काढलेली वर्णनं आणि चित्रं, एवढ्यावरच काम चालू होतं.

प्राणिशास्त्रात हे फार गंभीर मानलं जातं. एखाद्या जातीचं नाव ज्या नमुन्यावर दिलं जातं, तो नमुना त्या नावाचा कायमचा साक्षीदार असतो. जमिनीच्या व्यवहारात मूळ खरेदीखत असतं, तसं. झेरॉक्स असली तरी वाद उभा राहिला की अस्सल कागद लागतो.

कोलकात्यातल्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या मुख्यालयात हरवलेल्या नमुन्यांचा शोध घेतला गेला आणि २०१२ मध्ये स्लीमन यांच्या मूळ संग्रहातला शेपटीचा मणका हाती लागला. हे काम करणाऱ्यांत नागपूरशी जोडलेले ज्येष्ठ जीवाश्मतज्ज्ञ धनंजय मोहबे आणि सुभाशिष सेन होते. त्यांनी विल्सन यांच्यासोबत या शोधाचा वृत्तान्त जानेवारी २०१३ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. म्हणजे २००३ मध्ये ज्यांनी हे नाव संदिग्ध ठरवलं, त्यांच्यापैकीच एक जण मूळ मणका परत सापडल्याची बातमी देणाऱ्यांत होते. शास्त्रात यात विसंगती काही नाही. नाव टिको न टिको, अस्सल पुरावा जपलाच पाहिजे.

पण मणका सापडल्याने नाव पक्कं झालं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. हाड परत मिळालं, वेगळी खूण नाही मिळाली.

मग चित्रातला प्राणी येतो कुठून?

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं. पण शितावरून भात शिजला का ते कळतं, पंगत किती पानांची होती ते नाही.

जबलपूरच्या मणक्यावरून खात्रीने सांगता येतं ते एवढं: हा टायटॅनोसॉर गटातला प्राणी होता. त्या गटातले सगळे प्राणी चार पायांवर चालणारे, लांब मान आणि लांब शेपटीचे, वनस्पती खाणारे होते, त्यामुळे हाही तसाच असणार. तो क्रेटेशियस काळाच्या शेवटी, साधारण साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी, आजच्या मध्य भारतात राहत होता.

यापुढचं जवळजवळ सगळं नातेवाइकांवरून काढलेलं आहे. इंटरनेटवर याची लांबी ९ ते १२ मीटर असल्याचं नेहमी वाचायला मिळतं. मणक्याच्या आकारावरून, पूर्ण सांगाडा माहीत असलेल्या दुसऱ्या टायटॅनोसॉरशी तुलना करून असे अंदाज बांधले जातात. मात्र शेपटीचे मणके बुडाशी मोठे आणि टोकाकडे लहान होत जातात. हाती आलेला मणका शेपटीत नेमका कितवा, हे चुकलं की पूर्ण लांबी चुकते. शिवाय टायटॅनोसॉर गटात मॅग्यारोसॉरससारखे बुटकेही आहेत आणि ३० मीटरच्या पुढचेही. कुणाशी तुलना करायची, यावर उत्तर ठरतं. पाठीवरचे उंचवटे आणि कातडीचा रंग तर चित्रकाराच्या कल्पनेचेच.

या बाबतीत चंद्रपूरचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. पिसदुऱ्याच्याच परिसरात, डोंगरगावजवळच्या टेकडीत, १९८० च्या दशकात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी एका टायटॅनोसॉरचा बऱ्यापैकी सांगाडा खणून काढला. त्यात मान, पाठ, शेपूट यांचे मणके, बरगड्या, कंबर, पुढचा पाय असा भरपूर भाग होता. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी असं नाव दिलं. २००३ च्या छाननीत याला स्वतंत्र नाव मिळालं: आयसिसॉरस. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, आयएसआय, हे नाव आलं. यात इजिप्तच्या आयसिस देवीचा संबंध नाही.

आयसिसॉरस प्रत्यक्ष समोर आला तेव्हा दिसलं, की त्याची मान गटातल्या इतरांच्या मानाने आखूड होती आणि पुढचे पाय चांगलेच लांब. शेपटीच्या मणक्यावरून चित्र काढायला बसलेल्या कुणीही त्याला असं काढलं नसतं.

लामेटा खडकांमधला, नीट वेगळा ओळखता येणारा दुसरा टायटॅनोसॉर म्हणजे जैनोसॉरस. बडा सिमला टेकडीवर १९१७ ते १९१९ च्या दरम्यान चार्ल्स मॅटली यांनी मोठं खोदकाम केलं होतं. त्यातल्या हाडांना १९३३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फॉन ह्यूने यांनी अँटार्क्टोसॉरस म्हटलं. १९९० च्या दशकात सोहनलाल जैन यांच्या सन्मानार्थ त्याचं जैनोसॉरस झालं. स्लीमन यांचा मणका याच जैनोसॉरसचा असू शकतो. आयसिसॉरसचाही असू शकतो. किंवा अजून न सापडलेल्या तिसऱ्याच कुणाचा.

एवढा मोठा प्राणी, मग हाडं इतकी कमी का?

बहुतेकांना उलट वाटतं: जितका प्राणी मोठा, तितका त्याचा सांगाडा जास्त टिकणार. लांब मानेच्या डायनोसॉरच्या बाबतीत तसं होत नाही.

जीवाश्म व्हायला मेलेला प्राणी लवकर गाडला जावा लागतो. एखादा सरडा नदीच्या एका पुराच्या गाळात झाकला जातो. हत्तीच्या कित्येक पट मोठं धूड झाकायला किती गाळ लागेल? तो येईपर्यंत मांसभक्षक लचके तोडतात, उन्हापावसात हाडं भेगाळतात, पुढचा पूर काही हाडं वाहून नेतो. कवटी तर सर्वांत आधी जाते. या प्राण्यांचं डोकं शरीराच्या मानाने इवलंसं, त्याची हाडं पातळ, आणि मानेला जोडणी नाजूक. म्हणून जगभर लांब मानेचे डायनोसॉर बिनडोकाचे सापडतात. मानेचे मणकेही आतून पोकळ, हवेच्या कप्प्यांचे असतात. त्यामुळे मान उचलायला हलकी होते, पण मेल्यावर ते मणके सहज चिरडतात. शेपटीच्या मध्यावरचे मणके त्यामानाने भरीव आणि छोटे असतात. ते टिकतात. स्लीमन यांना शेपूटच मिळाली हा निव्वळ योगायोग नव्हता.

त्यात मध्य भारताची परिस्थिती वेगळी. या डायनोसॉरची हाडं ज्या खडकांत मिळतात त्यांना लामेटा म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लामेटा घाट आहे, त्यावरून हे नाव. त्या काळी इथे निमकोरडं हवामान, उथळ नद्या आणि तळी होती. बडा सिमला टेकडीवर हाडांचा सडा पडला होता, पण लांब मानेच्या प्राण्यांची आणि मांसभक्षकांची, लहानांची आणि मोठ्यांची हाडं एकमेकांत मिसळलेली. लग्नघरातल्या चपलांच्या ढिगातून जोड्या लावण्यासारखं ते काम.

मग या सगळ्यावर दख्खनचा लाव्हा पसरला. ज्या काळ्या पाषाणावर आज महाराष्ट्राचा बराचसा भाग उभा आहे, सह्याद्रीचे कडे आणि वेरूळची लेणी ज्यात कोरलेली आहेत, तोच हा बेसॉल्ट. लामेटा खडक त्याच्या खाली किंवा कडेला डोकावतात, तेवढ्याच जागी शोध घेता येतो. जाड लाव्ह्याखाली आणखी किती सांगाडे असतील, ते पाहायची सोय नाही.

हाडांपेक्षा शेणानं जास्त सांगितलं

हाडं तुटपुंजी असली तरी या प्राण्यांच्या जगण्याचे इतर पुरावे मध्य भारतात भरपूर आहेत. काही बाबतीत तर जगात इतरत्र नाहीत इतके.

पिसदुऱ्याच्या शेतांमध्ये दगड झालेली विष्ठा सापडते. यातली काही टायटॅनोसॉरची मानली जाते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. गवताच्या पानांत सिलिकाचे बारीक कण असतात. भाताचं किंवा उसाचं पातं हाताला कापतं ते याच कणांमुळे. पाला कुजला तरी हे कण टिकतात आणि गवताच्या प्रकारानुसार त्यांचा आकार वेगळा असतो. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत असे गवताचे कण मिळाले, तेही एकापेक्षा जास्त प्रकारच्या गवतांचे. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं तेव्हा खळबळ उडाली, कारण डायनोसॉरच्या काळात गवत होतं याचा इतका ठोस पुरावा तोवर नव्हता. एरवी या प्राण्यांच्या खाण्यात सूचिपर्णी झाडं, सायकससारख्या वनस्पती आणि इतर पालाही होता. गवत हा त्यातला एक भाग.

अंड्यांचंही तसंच. धार जिल्ह्यातल्या नर्मदा खोऱ्यात टायटॅनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी असल्याचं संशोधन जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. घरटी एकमेकांना इतकी खेटून होती, की अंडी घातल्यावर एवढ्या अवजड माद्या तिथे वावरत असतील असं वाटत नाही. कासवासारखी अंडी पुरून त्या निघून जात असाव्यात.

गुजरातमधल्या धोली डुंगरीचा नमुना तर थरारक आहे. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साप आणि शेजारी जेमतेम अर्धा मीटर लांबीचं टायटॅनोसॉरचं पिल्लू, सगळं त्या क्षणी गाळात गाडलं गेलेलं. हा नमुना मोहबे यांनीच शोधला होता. सापाला २०१० मध्ये सनाजे इंडिकस हे नाव मिळालं. सापाला नाव आहे. पिल्लू कुठल्या जातीचं, हे सांगता येत नाही.

जगातला सर्वांत मोठा डायनोसॉर तमिळनाडूत?

भारतातल्या लांब मानेच्या डायनोसॉरविषयी सर्वांत जास्त शेअर होणारा दावा टायटॅनोसॉरसचा नाही, बृहत्कायोसॉरसचा आहे. नावातच बृहत्काय. तमिळनाडूतल्या कल्लमेडू इथे सापडलेल्या मोजक्या हाडांवरून यादगिरी आणि अय्यासामी यांनी १९८७ मध्ये हे नाव दिलं. त्यात पायाचं एक हाड तब्बल २ मीटर लांब असल्याची नोंद आहे. सुरुवातीला हा मांसभक्षक समजला गेला, नंतर तो टायटॅनोसॉर असावा असं मत झालं. निळ्या देवमाशाच्या तोडीचं वजन असल्याचे अंदाजही प्रसिद्ध झाले आहेत.

पण ती हाडं आज नाहीत. ठिसूळ झालेली हाडं संग्रहापर्यंत पोहोचण्याआधीच भुगा झाली. उरल्या आहेत मोजमापांच्या नोंदी, काही रेखाटनं आणि छायाचित्रं. टायटॅनोसॉरस इंडिकसच्या बाबतीत निदान अस्सल मणका हातात घेऊन पुन्हा तपासता येतो. इथे तेही नाही. 'जगातला सर्वांत मोठा डायनोसॉर भारतात' ही पोस्ट पुढे पाठवायची असेल, तर तिच्यात 'कदाचित' हा शब्द घालावा लागेल.

टायटॅनोसॉरस इंडिकसचं भवितव्य मात्र अजून उघडं आहे. जबलपूरच्या किंवा वरोऱ्याच्या परिसरात शेपटीसकट एखादा चांगला सांगाडा सापडला, आणि त्याचे मणके कोलकात्यात ठेवलेल्या मणक्याशी अशा एखाद्या खुणेने जुळले जी इतर कुठल्याच टायटॅनोसॉरमध्ये नाही, तर १८७७ चं नाव पुन्हा वापरात येऊ शकतं. तोवर कोलकात्यातला मणका आणि जबलपूरची टेकडी, एवढाच त्याचा पत्ता आहे.